अंगठा खराब झालाय

२३ ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळी मी गावी होतो. सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम लँडर चंद्रावर उतरला तेव्हा आमच्या ओसरीवर दहा-बारा जण माझ्या मोबाइलभोवती गोळा झाले होते. पडद्यावरची आकडेमोड कुणालाच कळत नव्हती. बंगळुरूच्या नियंत्रण कक्षात टाळ्या वाजल्या, तशा आम्हीही वाजवल्या. आजीनं विचारलं, "आत माणूस हाय का?" मी म्हटलं, "नाही." "मग बरं," ती म्हणाली. "पडलं असतं तरी कुणाला लागलं नसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यासोबत रेशन दुकानात गेलो. त्या महिन्यातली तिची ती तिसरी खेप. दुकानदारानं ई-पॉस मशीन पुढं केलं, आजीनं अंगठा टेकवला, ठसा जुळला नाही. मग तर्जनी, मग मधलं बोट, मग डावा हात. तिनं बोटं पदराला पुसली, केसांवरून फिरवून तेलकट करून पाहिली. हा उपाय तिला रांगेतल्याच कुणीतरी शिकवला होता. दुकानदार माणूस वाईट नव्हता. आवाज न चढवता म्हणाला, "आजी, तुमचा अंगठाच खराब झालाय. उद्या या." महिना संपायला आठवडा उरला होता. येताना आजी सारखी बोटांकडं बघत होती. "चाळीस वर्षं भांगलण केली," ती म्हणाली, "झिजायचंच की."

त्या एका वाक्यानं मला अस्वस्थ केलं. मशीनला ठसा वाचता आला नव्हता, आणि ओशाळली होती आजी.

मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करतो. आमच्याकडे अशा प्रसंगाला 'एज केस' म्हणतात. बहुतेकांना न येणारी, थोड्यांना येणारी अडचण. ती यादीत टाकायची, समोर 'लो प्रायॉरिटी' लिहायचं आणि रिलीजची तारीख गाठायची. असं मी कितीदा तरी केलं आहे. दुकानातून परत येताना पहिल्यांदा जाणवलं, की त्या यादीतल्या ओळीला गुडघेदुखी असू शकते आणि ती तीन वेळा दुकानापर्यंत चालत गेलेली असू शकते.

आता चंद्राकडे पाहू. २०१९च्या सप्टेंबरमध्ये चांद्रयान-२चा लँडर शेवटच्या टप्प्यात कोसळला. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा थोडा जास्त जोर लावला, चुका साचत गेल्या, आणि त्या सावरण्याची मोकळीक यानाच्या प्रणालीत पुरेशी नव्हती. त्यातून इस्रोनं घेतलेला धडा तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी साध्या शब्दांत सांगितला होता: आधीच्या यानाची रचना सगळं नीट घडेल हे धरून केली होती, या वेळी काय काय बिघडू शकतं, याची यादी करून रचना केली. उतरण्याची जागा ५०० मीटर बाय ५०० मीटर होती, ती ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली. पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, वेग मोजणारं नवं उपकरण बसवलं. सेन्सर निकामी झाले तर काय, दोन इंजिनं बंद पडली तर काय, याचीही तयारी ठेवली.

२०१९च्या अपघातानंतर कुणी म्हणालं नाही की चंद्राचा पृष्ठभागच खराब आहे. चंद्र आहे तसाच राहणार, त्याला जुळवून घ्यायचं ते यानानं, हे सगळ्यांना मान्य होतं. मग रेशन दुकानात हा न्याय उलटा का होतो? तिथं यंत्र आहे तसं राहतं आणि माणसानं त्याला जुळवून घ्यायचं असतं. वय वाढलं की कातडी सैल पडते, बोटांवरच्या रेषा सपाट होतात. वीटभट्टी, भांडी घासणं, शेतातली मजुरी यांनी त्या झिजतात. म्हणजे यंत्राला नेमकी तीच बोटं वाचता येत नाहीत, ज्यांना त्या धान्याची सगळ्यात जास्त गरज आहे.

दुसरी बाजूही खरी आहे. आधारचे पहिले क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. ज्यांच्याकडे स्वतःची ओळख सिद्ध करणारा कागदच नाही त्यांना ती मिळावी, हा त्यामागचा एक हेतू होता आणि तो खोटा नव्हता. बीडचा ऊसतोड मजूर आज कोल्हापुरात किंवा कर्नाटकात आपलं धान्य उचलू शकतो, ते याच मशीनमुळं. जुन्या रजिस्टरमध्ये मेलेल्या माणसांच्या नावानंही धान्य उचललं जायचं, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळं मला मागं जायचं नाही.

नियमही क्रूर नाहीत. ठसा जुळला नाही तरी धान्य नाकारू नका, असं केंद्र सरकारनं २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं. डोळ्यांची बुबुळं, ओटीपी, शेवटी वहीत नोंद, असे पर्यायही सांगितले होते. पण त्या दुकानात वहीचं नाव निघालं नाही. ओटीपी गेला तो मुंबईत कामाला असलेल्या काकाच्या मोबाइलवर, आणि काका ड्यूटीवर होता. अडल्यावर वापरायची वाट दुकानदाराच्या मर्जीवर सोडली, की ती असून नसल्यासारखी होते.

"पण ९९ टक्के लोकांचं काम होतंच ना?" असं माझ्या एका मित्रानं विचारलं. धरून चालू की होतं. अन्नसुरक्षा कायद्याखाली सुमारे ८० कोटी माणसं येतात. त्यांचा एक टक्का म्हणजे ८० लाख. यानाच्या बाबतीत आपण एक टक्का धोक्याचीही तयारी करतो, कारण तिथलं अपयश सगळ्या जगाला दिसतं. आजीचं अपयश फक्त आजीला दिसतं, आणि तिलाही ते स्वतःचंच वाटतं.

आता आपण चिप बनवायच्या म्हणतोय, स्वतःची एआय मॉडेल्स बनवायची म्हणतोय. बनवावीत, मलाही टाळ्या वाजवायच्या आहेत. पण यंत्र आणि माणूस यांचं म्हणणं जुळलं नाही, तर खरं-खोटं सिद्ध करायचं ओझं कुणावर, हा प्रश्न आधी सोडवायला हवा. माझ्या मते ते यंत्रावर, म्हणजे ते बसवणाऱ्यावर असावं. धान्य आधी द्यावं, ठसा का जुळला नाही ते नंतर शोधावं. यात थोडी चोरी होईल, हे मान्य. पण ती किंमत कुणीतरी मोजणारच असेल, तर सरकारच्या खिशाला ती आजीच्या ताटापेक्षा जास्त परवडते.

शनिवारी माझी चुलत बहीण कॉलेजमधून आली. तिचं नाव कार्डावर होतं. तिचा अंगठा पहिल्याच फटक्यात जुळला आणि धान्य मिळालं. आजी खूश झाली. तिच्या मागं रांगेत शेजारच्या म्हातारीचा नंबर होता. ती एकटीच राहते. तिच्या कार्डावर दुसरं नाव नाही.