रिकामी जागा कोणाची?

समुद्राच्या पाण्याची टाकी घरात ठेवून तिच्यात प्रवाळ वाढवणाऱ्या माणसांना दोन गोष्टींची धास्ती असते. एक म्हणजे लाइट जाणं. आमच्या पाटण तालुक्यात कोयनेचं धरण आहे आणि तरी लाइट जाते, त्यामुळे ही धास्ती आम्हाला समजावून सांगावी लागत नाही. दुसरी धास्ती 'डायनो'ची. हा शब्द निघाला की या छंदातली अनुभवी माणसंही जरा गप्प होतात. वर्षभर राबून उभी केलेली टाकी विकून टाकायची पाळी अनेकांवर याच डायनोंमुळे आलेली असते.

डायनो म्हणजे डायनोफ्लॅजेलेट. एका पेशीचे सूक्ष्म जीव. चाबकासारख्या दोन शेपट्या हलवत ते गिरक्या घेत पोहतात, म्हणून ग्रीकमधली 'गिरकी' आणि लॅटिनमधला 'चाबूक' जोडून त्यांना हे नाव मिळालं. टाकीत त्यांची संख्या बेसुमार वाढली की वाळूवर आणि दगडांवर तपकिरी, शेंबडासारखा थर चढतो. त्याला तारा सुटतात आणि तारेच्या टोकाला हवेचा बुडबुडा अडकलेला असतो. सकाळी टाकी बरी दिसते, दिवे लागले की दुपारपर्यंत पुन्हा तेच. नळीने ओढून काढा, ब्रशने घासा, दुसऱ्या दिवशी मंडळी हजर.

मला यात रस वाटला तो एका उफराट्या गोष्टीमुळे. हा त्रास अस्वच्छ टाकीपेक्षा अतिस्वच्छ टाकीत जास्त दिसतो.

माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट साठतं. ते वाढलं की शेवाळ माजतं, म्हणून नव्या माणसाला पहिला धडा मिळतो तो हे दोन्ही कमी ठेवण्याचा. मग फेस काढणारं यंत्र येतं, फॉस्फेट शोषणारे खडे येतात, दर आठवड्याला पाणी बदललं जातं. एक दिवस टेस्ट किटवर दोन्ही आकडे शून्य येतात. मालक खूश होतो, फोटो काढून मित्रांना पाठवतो. आणि काही आठवड्यांत वाळूवर तपकिरी तारा दिसायला लागतात.

कारण असं की ते नायट्रेट-फॉस्फेट नुसती घाण नव्हती, कोणाचं तरी जेवण होतं. जीवाणू, डायटम, हिरवं शेवाळ असे कितीतरी जीव त्यावर जगत होते आणि जागेसाठी एकमेकांशी भांडत होते. जेवण बंद झाल्यावर ते उपाशी मेले. अनेक डायनो मात्र नुसत्या उजेडावर आणि विरघळलेल्या खतावर अवलंबून नसतात. वेळ आली तर ते जीवाणू आणि इतर पेशी गिळूनही दिवस काढतात. दुष्काळात तेच तगले आणि मोकळी झालेली जागा त्यांची झाली. आता मालक घाबरून आणखी सफाई करतो, आणखी पाणी बदलतो, म्हणजे दुष्काळ आणखी वाढवतो.

म्हणून या छंदातल्या लोकांनी अनुभवातून शोधलेला उपाय ऐकायला वेडगळ वाटतो. पाणी बदलणं थांबवा. नायट्रेट आणि फॉस्फेट विकत आणून थेंब थेंब टाकीत सोडा. नायट्रेट लिटरला 5 ते 10 मिलिग्रॅम आणि फॉस्फेट 0.1 मिलिग्रॅमच्या आसपास येऊ द्या. एखाद्या जुन्या, निरोगी टाकीतली मूठभर जिवंत वाळू किंवा दगड आणून ठेवा. काचेवर हिरवं शेवाळ धरायला लागलं तर घासू नका, आनंद माना. काल ज्याची लाज वाटत होती तीच आज सुधारणेची खूण.

आपल्या स्वयंपाकघरात हे ज्ञान फार जुनं आहे. तापवलेलं दूध नुसतं झाकून ठेवलं तर ते तसंच राहत नाही, नासतं. कोमट असताना चमचाभर विरजण लावलं तर त्याचं दही होतं. उष्णतेने दुधातली जुनी वस्ती बहुतेक उठलेली असते. त्या मोकळ्या घरात कोणीतरी येणार हे नक्की असतं, आधी कोण येणार एवढंच आपल्या हातात असतं. विरजण लावणारी बाई नासवणाऱ्या जंतूंशी लढायला जात नाही. ती त्यांच्या आधी दुसऱ्या कोणाला तरी जागा देते.

इथे मला एक नैतिक प्रश्न दिसतो. चांगलं म्हणजे काय, याची आपली रोजची व्याख्या बहुतेक वेळा वजाबाकीची असते. वाईट सवय सुटली म्हणजे माणूस सुधारला. वाईट पोरं हाकलली म्हणजे कट्टा सुधारला. फोनवरून ॲप काढलं म्हणजे वेळ वाचला. पण ॲप काढल्यावर मोकळे झालेले दोन तास शून्य राहतात का? आठवडाभरात तिथे दुसरं ॲप येऊन बसतं, आणि ते बहुधा कमीत कमी मेहनतीत तग धरणारं असतं. गावातल्या तालमीत कोणी जाईनासं झालं, वाचनालयाला कुलूप लागलं, तर संध्याकाळची ती वेळ ओस पडत नाही. तिचा ताबा कोणीतरी घेतंच. नंतर त्या 'कोणीतरी'ला आपण शिव्या देतो, पण त्याच्या आधी तिथे कोण राहत होतं आणि ते उपाशी कसं मेलं, हे विचारत नाही.

एवढ्यावर थांबलो तर हा लेख 'निसर्ग आपोआप समतोल साधतो' या गोड वाक्यावर संपेल. ते वाक्य मला पटत नाही. टाकीत धुमाकूळ घालणाऱ्या डायनोंमध्ये ऑस्ट्रिऑप्सिस नावाचा एक प्रकार आहे. त्याच्या काही जाती पॅलिटॉक्सिनच्या जातीची विषं तयार करतात. 2005 च्या उन्हाळ्यात इटलीतल्या जिनोव्हाच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रिऑप्सिस माजला, तेव्हा लाटांच्या तुषारांतून ते विष हवेत गेलं आणि सुमारे 200 लोकांना ताप, खोकला, श्वासाचा त्रास झाला. टाकीत असे डायनो खाणाऱ्या गोगलगायी एकेक करून मरतात. जो मालक 'समतोल येईल' म्हणत सोफ्यावर बसून राहतो, त्याच्या वाट पाहण्याची किंमत गोगलगाय देते. समाजातही 'काळानुसार सगळं बदलेल' असं म्हणणारा माणूस सहसा टाकीच्या बाहेर उभा असतो.

मग हस्तक्षेप करायचा का? करायचा, पण आधी समोर कोण आहे ते बघून. इथे स्वस्तातला सूक्ष्मदर्शक कामाला येतो. ऑस्ट्रिऑप्सिस थेंबाच्या आकाराचा दिसतो आणि खुंटीला बांधलेल्या बैलासारखा एका जागेभोवती फिरतो. तो रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतो, त्यामुळे पाणी अतिनील दिव्यासमोरून फिरवलं तर बराचसा मारला जातो. ॲम्फिडिनियम रात्रीही वाळूतच राहतो, त्याच्यावर तो दिवा फुकट. तिथे लोक पाण्यात सिलिकेट सोडून डायटम वाढवतात आणि वाळूवरची जागा त्यांच्याकडून अडवून घेतात. दोघांचा थर डोळ्यांना एकसारखाच तपकिरी दिसतो. न बघता औषध ओतणारा माणूस शत्रूपेक्षा टाकीतल्या बाकीच्यांनाच जास्त मारतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही लॉग न वाचता सर्व्हर रीस्टार्ट करणारे असतात. तासभर सगळं सुरळीत चालतं, एवढंच.

आता 'शत्रू' या शब्दाबद्दल. ज्या प्रवाळांना वाचवण्यासाठी ही सगळी लढाई, त्यांच्या पेशींमध्ये डायनोफ्लॅजेलेटच राहतात. सिंबायोडिनिएसी या कुळातले हे जीव सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. उथळ समुद्रातल्या बहुतेक प्रवाळांची चूल त्यांच्यावर पेटते. पाणी तापलं की ही सोबत तुटते, प्रवाळ पांढरे पडतात आणि सोबत पुन्हा जुळली नाही तर उपासमारीने मरतात. म्हणजे टाकीत वाळूवर जो वैरी, त्याचाच भाऊबंद प्रवाळाच्या पोटात अन्नदाता. आणि हिवाळ्यात जुहूच्या किंवा देवगडच्या किनाऱ्यावर रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटा बघायला आपण गाड्या काढून जातो, तो नॉक्टिल्युकाही डायनोफ्लॅजेलेटच. कूळ एकच. कोण कुठे, किती आणि कोणाच्या शेजारी आहे, यावर त्याचं चांगलं-वाईट ठरतं. गोगलगायीला झालेली इजा यामुळे खोटी ठरत नाही. फक्त त्या इजेचं कारण जीवाच्या जन्मजात दुष्टपणात शोधायची सोय उरत नाही.

नॉक्टिल्युकाची गोष्ट इथे थांबत नाही. या शतकाच्या सुरुवातीपासून अरबी समुद्रात हिवाळ्यात त्याचे हिरवे पट्टे प्रचंड प्रमाणात दिसू लागले. मूळचे गोव्याचे शास्त्रज्ञ जोकिम गोज आणि हेल्गा दो रोझारिओ गोम्स यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. 2014 च्या शोधनिबंधात त्यांनी या उद्रेकांचा संबंध पाण्यातल्या घटत्या ऑक्सिजनशी जोडला. 2020 च्या शोधनिबंधात आणखी एक दुवा मांडला. हिमालय आणि तिबेटच्या पठारावरचा बर्फ कमी होतोय, त्यामुळे तिकडून येणारे हिवाळी वारे पूर्वीइतके थंड आणि कोरडे राहिले नाहीत, समुद्राचं वरचं पाणी कमी घुसळलं जातं, आणि खालची पोषकद्रव्यं वर येत नाहीत. डायटम उपाशी पडतात. पोटात हिरवे सूक्ष्म जीव बाळगून शिवाय शिकारही करणारा नॉक्टिल्युका तगतो. त्याला खाणारे मुख्यतः साल्प आणि जेलीफिश. मासळीची नेहमीची अन्नसाखळी तिथे तुटते.

शून्य नायट्रेटच्या टाकीत जे होतं, त्याच्याशी हे किती जुळतं बघा. समुद्राला आपण बेसिनच्या आकाराचा समजत नव्हतो, पण त्याच्यातलं पाणी ढवळणारा हातही कमजोर होऊ शकतो, आणि त्या हाताचं दुसरं टोक हिमालयात असू शकतं. आमच्या पाटणला हे जोडलेपण ओळखीचं आहे. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत मिसळून बंगालच्या उपसागराकडे जातं, आणि त्याच नदीचं अडवलेलं पाणी बोगद्यांतून घाट उतरून, वीज देऊन, वाशिष्ठीमार्गे अरबी समुद्रात जातं. एका तालुक्याचं पाणी दोन समुद्रांना मिळतं. मग 'आपलं पाणी' नेमकं कुठपर्यंत, हा प्रश्न सोपा राहत नाही.

राहिला सर्वात अवघड प्रश्न. मुळात समुद्र काचेत कोंडावाच का? आपल्याकडे दगडासारखा सांगाडा बांधणाऱ्या सगळ्या प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचं, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण आहे. मालवणच्या किनाऱ्याजवळ खरे प्रवाळ आहेत आणि तिथलं सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालं. ते सोडून बैठकीच्या खोलीत कोणाला तरी कोंडून ठेवायचं, याचं समर्थन 'मला आवडतं' एवढ्याने होत नाही. समुद्रात माजलेले डायनो लाटेने पांगतात, भरती-ओहोटी त्यांना घेऊन जाते. त्रास झाला तर मासा दुसरीकडे जातो. टाकीत पळायला जागा नाही. भिंत आपण घातली, म्हणून भिंतीच्या आत जे होतं त्याचे जबाबदार आपण.

माझ्या मते ही जबाबदारी नियंत्रणापेक्षा वेगळी आहे. नियंत्रण करणाऱ्याला आकडा शून्यावर आणायचा असतो आणि आणल्यावर त्याचं काम संपतं. जबाबदारी घेतलेल्या माणसाला अनेकांचं एकत्र राहणं सांभाळायचं असतं, आणि ते काम कधीच संपत नाही. त्याला थोडं शेवाळ सहन करावं लागतं, थोडी भांडणं चालू द्यावी लागतात, आणि ती भांडणं कोणाच्या जिवावर उठली की मध्ये पडावं लागतं. कधी मध्ये पडायचं याचं सूत्र नाही. रोज काचेपाशी बसून बघणं, गोगलगायी मोजणं, आकडा लिहून ठेवणं एवढंच आहे.

म्हणून काहीही साफ करायला निघालेल्या माणसाला, मग ती टाकी असो, फोन असो, कट्टा असो की गाव, दोन प्रश्न आधी विचारावेत. इथून जे काढताय त्यावर कोण जगत होतं? आणि जागा मोकळी झाल्यावर तिथे कोणाला आणून बसवणार आहात? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तयार नसेल, तर हातातला ब्रश जरा वेळ बाजूला ठेवून आधी विरजण शोधायला हवं.