देज कोणाच्या पदरात?

वोले सोयिंका यांचे ‘द लायन अँड द ज्वेल’ हे नाटक १९५९ साली नायजेरियात रंगभूमीवर आले. त्यातला शाळामास्तर लाकुनले सिदीवर प्रेम करतो. पण देज द्यायला नकार देतो. बायको विकत घेणे त्याला रानटीपणाचे वाटते. सिदी मात्र हट्टाला पेटते. देज न घेता गेले तर गाव माझ्या कौमार्याबद्दल शंका घेईल, असे तिचे म्हणणे. सुधारणेची भाषा लाकुनलेची आणि बदनामीची भीती सिदीची. शेवटी ती वृद्ध, अनेक बायकांचा धनी असलेल्या गावप्रमुख बारोकाच्या घरी जाते, तीही त्याच्या कपटाला बळी पडून.

झुलू सोफोला या लेखिकेचे ‘वेडलॉक ऑफ द गॉड्स’ (१९७२) याहून जिव्हारी लागते. ओग्वोमाचे मन उलोकोवर. पण तो गरीब. तिचा भाऊ आजारी असतो. उपचाराला पैसा हवा म्हणून आईबाप देज घेऊन तिला दुसऱ्याच्या घरी देतात. नवरा मरतो, तेव्हा रिवाजाप्रमाणे ती दिराच्या वाट्याला जाणार असते. ती उलोकोकडे वळते आणि नाटक मृत्यूंनी संपते.

हे आईबाप दुष्ट नाहीत. मुलगा वाचावा एवढेच त्यांना हवे आहे. प्रश्न इथेच अवघड होतो. एका लेकरावरच्या मायेपोटी दुसरे लेकरू खर्ची घालता येते का? आणि खर्ची पडते ती नेहमी मुलगीच का?

आपण म्हणू, आमच्याकडे देज नाही, मेहर आहे; आणि मेहर बापाची नव्हे, बाईची. खरेच आहे. सूरह निसामध्ये बायकांची मेहर त्यांना खुशीने द्या अशी आज्ञा आहे. बायकांचे जबरीने वारस होऊ नका, असेही तिथेच बजावले आहे. ओग्वोमाचे सारे दुःख या दोन आज्ञांच्या आड येते.

पण अभिमान बाळगण्याआधी आपले निकाहनामे उघडून पाहावेत. मेहरचा आकडा कागदावर राहतो, ‘नंतर देऊ’ म्हणून. पुढे बाईकडून माफही करवून घेतला जातो. हुंडा मात्र रोख मोजला जातो. ‘कबूल आहे?’ असे विचारतात खरे. पण पत्रिका वाटून झाल्यावर.

रिवाज वाईट की चांगला, हे पैसा कोणाच्या पदरात पडतो आणि ‘नाही’ म्हणायची मुभा कोणाला असते, यावरून ठरवावे. ही मुभा सिदीला नव्हती, ओग्वोमाला नव्हती. आपल्या मुलींना आहे का?