आधी लिहिलेला हिशेब



जुलै महिना आला की अनेक घरांत धांदल उडते. पासबुक सापडत नाही, देणगीची पावती हरवलेली असते, मिळालेल्या भाड्याची रक्कम आठवत नाही. मग प्राप्तिकराच्या विवरणपत्रात अंदाजाने आकडे भरले जातात. यामागे खोटे बोलण्याचा हेतू नसतो, हे खरे. पण हेतू नसला म्हणजे आपली जबाबदारी संपते काय?

माणसाची स्मरणशक्ती निःपक्षपाती नसते. गेलेला पैसा ती लक्षात ठेवते, आलेला सहज विसरते. म्हणूनच दिव्य कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत (सूरह अल-बकरा, २८२) उधारीचा व्यवहार लहान असो वा मोठा, मुदतीसह लिहून ठेवण्याची शिकवण देते. शंकेला जागा उरू नये, हा त्यामागील उद्देश आहे. ती आयत कर्जाविषयी असली तरी तिच्यातील शिस्त आपल्या साऱ्या व्यवहारांना उपकारक आहे.

एक उदाहरण घ्या. बचत खात्यावर जमा झालेले व्याज आपण आपले मानत नाही. पुण्याची अपेक्षा न ठेवता ते गरजूंना देऊन टाकतो. मग ते विवरणपत्रात कशाला दाखवायचे, असे काहींना वाटते. हा गैरसमज आहे. कायद्याच्या दृष्टीने ते उत्पन्नच असते आणि दाखवावेच लागते. तसेच कर भरल्याने जकात फिटत नाही आणि जकात दिल्याने कर चुकत नाही. जकातीचे वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे. कराचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. दोहोंचा हिशेब स्वतंत्र हवा.

यासाठी एक वही आणि एक फाईल पुरेशी आहे. महिन्यातून एकदा बसून आलेली प्रत्येक रक्कम लिहावी. पगारपत्रक, विम्याच्या व देणगीच्या पावत्या लगेच फाईलमध्ये ठेवाव्यात. व्यवसाय करणाऱ्यांनी आगाऊ कराच्या तारखाही लिहून ठेवाव्यात : सर्वसाधारणपणे १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च.

जुलैतील असत्य जुलैत जन्मत नाही. वर्षभर न लिहिलेल्या ओळींतून ते वाढत असते. ज्या दिवशी कागद शोधायला अवधी मिळणार नाही, अशा हिशेबाच्या दिवसावर आपली श्रद्धा आहे. मग या जगातील छोटा हिशेब आपण आजपासूनच नीट का ठेवू नये?