ताटातील तराजू



आपल्या वस्तीतील मक्तबमध्ये एकाच चटईवर बसलेली दोन मुले डोळ्यांसमोर आणा. एकाचा सदरा खांद्यावरून घसरतो आहे; दुसऱ्याला सजद्यातून उठताना धाप लागते आहे. दोघांच्या वजनाची सरासरी काढली, तर ती कदाचित अगदी योग्य भरेल. पण सरासरी म्हणजे न्याय नव्हे.

सूरह रहमानमध्ये आकाशाच्या उंचीबरोबरच तराजूचा उल्लेख येतो आणि त्याचा समतोल न बिघडवण्याची ताकीदही. ही ताकीद आपण बाजारातील तराजूला लावतो, घरातील ताटाला लावत नाही.

2000 साली जगातील 5 ते 19 वयोगटात सुमारे 13 टक्के मुले कमी वजनाची, तर 3 टक्के लठ्ठ होती. युनिसेफच्या 2025 च्या अहवालात हेच आकडे अनुक्रमे 9.2 आणि 9.4 टक्के आहेत. दक्षिण आशियात मात्र आजही कृश मुलेच अधिक आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील कमी वजनाच्या बालकांचे प्रमाण 2015-16 मध्ये 36 टक्के होते. 2019-21 मध्येही ते जवळपास तेवढेच राहिले. त्याच काळात अतिवजनाच्या बालकांचे प्रमाण 1.9 वरून 4.1 टक्क्यांवर गेले. ती बालके आता शाळेत बसत आहेत. भूक गेली नाही. अतिरेक तिच्या शेजारी येऊन बसला.

मग दोष कोणाचा? मुलाचा तर नव्हेच. शरीअतने ज्याच्यावर अद्याप जबाबदारी टाकली नाही, त्याच्या माथी इस्राफचा ठपका कसा ठेवणार? म्हणून ‘जाड्या’ आणि ‘काडीपैलवान’ ही नावे आपल्या घरातून आधी हद्दपार व्हावीत. नावे ठेवून हिणवण्यास कुरआनने मनाई केली आहे.

मुलाचे शरीर ही आई-वडिलांकडे सोपवलेली अमानत आहे. आपला गोंदिया जिल्हा धानाचा. भाताने पोट भरते, पण वाढत्या हाडामांसाला डाळ, भाजी, अंडी, मामा तलावांतील मासळीही हवी. त्याऐवजी रडणाऱ्या मुलाच्या हाती आपण पाच रुपयांचे पाकीट देतो. ते गरिबाच्या घरीही पोहोचते; पोट भरल्याचा भास होतो आणि शरीर रिकामेच राहते. अपाय करणाऱ्या लाडाला प्रेम म्हणावे का?

परंतु सारा भार आई-वडिलांवर टाकून आपणही सुटत नाही. हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी एक प्रसंग सांगितला जातो. मदीनेजवळ रात्री एक तान्हे मूल सतत रडत होते. दूध सुटलेल्या मुलालाच भत्ता मिळत असे, म्हणून आई त्याचे दूध लवकर तोडत होती. हे कारण कळल्यावर खलिफांनी त्या मातेला दोष दिला नाही. त्यांनी आपलाच नियम दोषी मानला आणि भत्ता जन्मापासून सुरू केला.

शेजारी उपाशी असताना पोटभर जेवणाऱ्याच्या ईमानाविषयी प्रेषितांनी (स.) दिलेला इशारा आपणास ठाऊक आहे. रस्सा शिजवताना पाणी वाढवून शेजाऱ्याला देण्याची त्यांची शिकवणही ठाऊक आहे. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, हेही आपण मिंबरवरून ऐकतो. या शिकवणी वेगळ्या नाहीत. माझ्या ताटातील संयम आणि शेजाऱ्याच्या ताटातील घास, ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत.

तेव्हा शाळेत शिजणारा पोषण आहार ‘गरिबांचा’ म्हणून दुर्लक्षू नका. एकदा जाऊन तो पाहा, चाखा. आपल्या मुलाच्या डब्यात एक घास त्याच्या सोबत्यासाठी अधिक ठेवा. अकीक्याचे मांस वाटताना ज्या घरातील मूल सुकलेले आहे, ते घर आधी आठवा.

अल्लाह आपणा सर्वांना ही अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.