गॅस संपला की गेला?



धर्मग्रामाच्या गाडीचा एसी हा काही रविवारच्या पत्रकात चर्चा करण्याचा विषय नव्हे, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. आम्हालाही तसेच वाटत होते. परंतु मागच्या आर्थिक समितीच्या सभेत एका ज्येष्ठ सभासदाने हिशेबाची वही पुढे सरकवली आणि विचारले, "फादर, तीन वर्षे दर एप्रिलला 'एसी दुरुस्ती' अशी नोंद आहे. दुरुस्त होतो, तर पुन्हा बिघडतो कसा? आणि होत नसेल, तर आपण त्याला दुरुस्ती का म्हणतो?" सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो. रात्री मात्र त्या प्रश्नाने आमची झोप उडवली.

आपली गाडी 2008 सालची. आपल्या पाड्यांवरून मोखाड्याला, जव्हारच्या कुटीर रुग्णालयात किंवा त्र्यंबकमार्गे नाशिकला रुग्ण नेऊन नेऊन ती आता थकली आहे. दर उन्हाळ्यात एसीतून गरम वारा येऊ लागे. मग आम्ही शहरात एका मेकॅनिककडे जात असू. तो नळी लावून पाहत असे आणि म्हणत असे, "गॅस संपलाय." गॅस भरला जाई, हवा गार होई, आम्ही पैसे देऊन परत येत असू. फार तर पंधरा मिनिटांचे काम.

यंदा योगायोगाने आम्ही दुसऱ्या एका मेकॅनिककडे गेलो. शाळा अर्धवट सोडलेला, तिशीचा तरुण. आम्ही सवयीने म्हणालो, "गॅस संपलाय, भरून द्या." तो म्हणाला, "फादर, डिझेल संपतं. गॅस संपत नाही, गॅस जातो. कुठून जातो ते आधी बघू."

सेमिनरीत आम्ही काही वर्षे तत्त्वज्ञान शिकलो. कारण आणि परिणाम यांवर निबंध लिहिले. पण 'संपणे' आणि 'जाणे' या दोन क्रियापदांतला फरक त्या गॅरेजमध्ये कळला. डिझेल जळते, म्हणून संपते. एसीतला गॅस मात्र बंद नळ्यांमध्ये गोल फिरत असतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो. पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो उष्णता बाहेर टाकून द्रवरूप होतो. एका बारीक छिद्रातून सुटून आतल्या कूलिंग कॉइलमध्ये त्याची वाफ होते आणि वाफ होताना तो गाडीतली उष्णता शोषून घेतो. पुन्हा कॉम्प्रेसर, पुन्हा तीच फेरी. यात काही जळत नाही, काही खर्च होत नाही. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षे थोडासा पाझरतो हे खरे. पण दर एप्रिलला रिकामा होत असेल, तर कुठेतरी भोक आहे. 'संपला' म्हटले की कुणाचाच दोष राहत नाही. 'गेला' म्हटले की पुढचा प्रश्न येतोच, कुठून गेला आणि कुठे गेला?

त्या तरुणाची पद्धत आम्ही शेजारी स्टुलावर बसून पाहिली. प्रथम त्याने एसीचे बटण दाबून नुसते ऐकले; कॉम्प्रेसरच्या मॅग्नेट क्लचचा 'टक्' असा आवाज येत नव्हता. फ्यूज पाहिला, रिले बदलून पाहिला, दोन्ही ठीक. मग इंजिन बंद ठेवून दाबाचे काटे लावले. एवढ्या उन्हात गॅस पुरेसा असता, तर काटे शंभर पौंडांच्या वर उभे राहायला हवे होते. ते चाळिसाजवळच अडले. गॅस कमी, म्हणून दाब कमी. दाब कमी, म्हणून प्रेशर स्विचने कॉम्प्रेसरला चालूच होऊ दिले नाही.

येथे एक आठवण सांगणे भाग आहे. दोन वर्षांपूर्वी आधीच्या मेकॅनिकने सुचवले होते, "स्विचच बाद करतो, वायर डायरेक्ट जोडतो, कटकट नको." आम्ही जवळजवळ हो म्हणालो होतो, घाईत होतो म्हणून ते राहून गेले. आता कळले की कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबरच फिरते. गॅस नसताना तो चालवला, तर कोरडा घासून जाम होतो. तो स्विच बिघडलेला नव्हता. त्या सगळ्या यंत्रात आपले काम चोख करणारा तोच एक होता, आणि आम्ही त्यालाच काढायला निघालो होतो.

उरलेला गॅस हवेत न सोडता त्याने यंत्राने खेचून बाटलीत घेतला. मग नळ्यांत नायट्रोजनचा दाब भरला आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावत गेला. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे तेलकट धूळ जमली होती, तिथे बारीक बुडबुडे आले. विहीगावच्या रस्त्यावरच्या खडीचा मार. ती तेलकट धूळ तीन वर्षे तिथे होती. कुणीही वाकून पाहिले असते तर दिसली असती.

गॅस गेला कुठे, याचे उत्तर मोठे आहे. पूर्वी गाड्यांत आणि फ्रिजमध्ये आर-12 नावाचा गॅस असे. 1930 साली थॉमस मिजली या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने तो सभेसमोर छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवून दाखवली: विषारी नाही, पेट घेत नाही. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण 1974 मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की असे गॅस उंच आकाशात जाऊन ओझोनचे छत्र खातात. 1985 मध्ये अंटार्क्टिकावर ओझोन विरळ झाल्याचे जाहीर झाले, 1987 मध्ये मॉन्ट्रियलचा करार झाला आणि 1992 मध्ये भारतही त्यात सामील झाला. आर-12 गेला, आर-134ए आला. आपल्या गाडीत तोच आहे. तो ओझोनला अपाय करत नाही. मात्र शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो आर-134ए पृथ्वीला जेवढी तापवतो, तेवढी तापवायला सुमारे तेराशे ते पंधराशे किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. म्हणून 2016 मध्ये किगाली येथे असे गॅसही कमी करायचे ठरले. भारताने 2021 मध्ये त्याला मान्यता दिली.

आपल्या गाडीत साधारण सहाशे ग्रॅम गॅस मावतो. तो सगळा गळाला, तर सुमारे तीनशे लिटर डिझेल जाळल्याइतका ताप. तीन वर्षे आम्ही हे केले आणि वहीत 'दुरुस्ती' लिहिली.

आता नैतिक प्रश्न. आम्ही दोषी आहोत काय? संत थॉमस अक्वायनस अज्ञानात भेद करतात: एक अज्ञान असे, की कितीही प्रयत्न केला तरी दूर होणारे नव्हते, आणि दुसरे, जे थोड्या प्रयत्नाने दूर झाले असते. पहिल्याने दोष लागत नाही, दुसऱ्याने तो पूर्णपणे सुटत नाही. मेणबत्ती विझवणाऱ्या मिजलीला वीस किलोमीटर उंचीवर पुढे काय घडणार हे कळणे शक्यच नव्हते. आम्हाला मात्र फक्त वाकून पाहायचे होते. आम्ही पाहिले नाही, कारण पंधरा मिनिटांत गार हवा मिळत होती. मेकॅनिकलाही सगळा दोष देता येत नाही. आम्ही जे मागितले, तेच त्याने विकले.

यावर कुणी म्हणेल, फादरांना एसी हवाच कशाला? खोडाळ्यात किती घरांत पंखा तरी आहे? हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही 2015 सालच्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात माणसाच्या घातक सवयींचे उदाहरण म्हणून एसीच्या वाढत्या वापराकडेच बोट दाखवले. एसी उष्णता नाहीशी करत नाही. आतली उचलून बाहेर टाकतो. मागच्या मे महिन्यात नाक्यावर कुणाची तरी वाट पाहत आम्ही एसी चालू ठेवून बसलो होतो. शेजारी आंब्यांची पाटी घेऊन बसलेली बाई उठली आणि काचेजवळ येऊन म्हणाली, "फादर, गाडी जरा पुढं घ्या, वाफ लागते." तिच्याजवळ सावलीही नव्हती. आम्हाला गारवा मिळत होता आणि त्याची किंमत ती मोजत होती. वैतरणेचे धरण आपल्या तालुक्यात, पाणी मुंबईला आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे आपले पाडे, हे पाहणाऱ्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

तरीही एसी काढूनच टाकावा, असे आमचे मत नाही, आणि त्याचे कारण उन्हाळा नसून पावसाळा आहे. जुलैच्या रात्री घाटात, धुक्यात, गाडीत पाच-सहा माणसे आणि एक अडलेली बाई असताना समोरची काच आतून पांढरी होते. एसी हवेतला ओलावा काढून घेतो आणि काच स्वच्छ होते. गेल्या वर्षी एसी बंद होता. शेजारी बसलेला नवरा आपल्या उपरण्याने काच पुसत होता आणि आम्ही खिडकीतून डोके काढून रस्ता शोधत होतो. ती रात्र निभावली. पण तशी दुसरी रात्र अंगावर घेण्याचा अधिकार आम्हाला आहे, असे वाटत नाही. नाक्यावर थांबल्यावर मात्र एसी बंद. एवढे त्या बाईचे देणे आहे.

कंडेन्सर बदलला. नळ्यांतली हवा खेचून निर्वात केली; अर्धा तास काटा जागचा हलला नाही. मग गॅस भरला आणि त्या तरुणाने त्यात हिरवा चमकणारा रंग सोडून पंधरा दिवसांनी परत बोलावले. निळ्या दिव्याखाली पाहिले, तेव्हा कॉम्प्रेसरच्या पुढच्या सीलभोवती पुसट हिरवी कड दिसली. दुसरी गळती. कारण विचारले, तर तो हसला: "हिवाळ्यात एसी लावतच नाही ना? सील कोरडं पडतं. आठवड्यातून दहा मिनिटं चालवायचा." वर्षातले सात-आठ महिने आपण एसीला हात लावत नाही, याचा आम्हाला केवढा अभिमान होता!

"ही बारीक आहे," तो म्हणाला. "गॅस वर्ष-दीड वर्ष टिकेल. नंतर थोडा भरला तरी चालतं. सगळे तेच करतात." सील बदलून कॉम्प्रेसर नीट करण्याचा अंदाज नऊ हजार रुपये. कंडेन्सरवर आधीच साडेपाच हजार गेले आहेत, आणि हा पैसा तुमचा आहे. शाळेच्या मुलांच्या वह्याही याच पेटीतून येतात.

तीन वर्षे आम्हाला माहीत नव्हते. आता ती हिरवी कड आम्ही पाहिली आहे. त्यामुळे पुढच्या वेळी गॅस भरू, तो माहीत असून भरू. आमचे मत सील बदलावे असे आहे. वह्यांसाठी लागणारी रक्कम आधी बाजूला काढावी आणि कमी पडेल ते आमच्या मानधनातून घ्यावे. परंतु हे एकट्याने ठरवण्याचे काम नाही. पुढच्या रविवारी मिस्सानंतर समितीची सभा आहे आणि ती सर्वांना खुली आहे. हिशेबाची वही टेबलावर असेल. तिच्यातल्या तीन जुन्या नोंदींत 'एसी दुरुस्ती' हे शब्द खोडून आम्ही 'गॅस भरला, गळती शोधली नाही' असे लिहून सही केली आहे.

आपले,
धर्मगुरू