समान वाटा

आंबेनळी घाटात यष्टी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त पल्ला पडतो, हे पोलादपुरात जन्म काढूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ते शिकवलं नातवाच्या रिमोटवाल्या मोटारीनं.

अंगणातल्या चिखलात ती रुतली. मागचं एक चाक गरगर फिरतंय, दुसरं ढिम्म!

"एकालाच सगळा जोर मिळतोय रे," मी म्हणालो.

"नाही आजोबा, दोघांना सारखाच. म्हणून तर अडलीय."

घसरणारं चाक पेलेल तेवढाच जोर डिफरन्शियल दुसऱ्यालाही देतो. म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

मी चपापलो. आदल्याच दिवशी महाडला वकिलांकडे मृत्युपत्राचा खर्डा करून आलो होतो. दोन मुलगे, जमीन सामायिक, निम्मी निम्मी. थोरल्याचे पाय शेतात घट्ट. धाकटा, म्हणजे या चिरंजिवांचे तीर्थरूप, कायम गरगरता!

नातवानं चार स्क्रू काढले, पाच हजार नंबरचं तेल पुसून वीस हजारचं घातलं. दाट तेलात एकटं चाक उधळत नाही. थोडा जोर दुसऱ्याकडे जातो.

"मग आणखी दाट घाल की!"

"मग वळणावर दोन्ही चाकं बरोबरीनं फिरायला बघतात. गाडी वळतच नाही."

"मग नेमकं किती?"

"चालवून बघायचं. नाही जमलं तर परत उघडायचं."

मृत्युपत्रही परत उघडता येतं म्हणा. पण चालवून बघायला आपण नसतो.

संध्याकाळी वकिलांचा फोन आला, सही कधी करताय?

म्हटलं, "थांबा जरा. अजून तेल ठरायचंय."