पन्नाशीनंतरचा लेवी

शास्त्रपाठ : गणना 8 : 23-26, मत्तय 17 : 24-27



लेव्यांविषयी परमेश्वराने मोशेला आज्ञा केली की, पंचविसाव्या वर्षी त्यांनी दर्शनमंडपाच्या सेवेस लागावे आणि पन्नासाव्या वर्षी त्या श्रमातून मोकळे व्हावे. परंतु मोकळे झालेल्यास घरी बसविले नाही. आपल्या भावांस साहाय्य करण्याचे काम त्याच्याकडे राहिलेच.

सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर तामलवाडी आहे. तेथील एक बंधू जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. पहिला महिनाभर ते पहाटे उठून, स्नान करून, टोपी घालून ओट्यावर बसत. जावयाचे कोठे, हे मात्र ठाऊक नसे. हातात एकदम मोठी रक्कम आली होती. मुलास सोलापुरात जागा हवी होती, जावयास दुकान. उरलेले पैसे त्यांनी दोन बँकांत मुदतीने ठेविले. तेव्हा एका शहाण्याने सल्ला दिला, "गुरुजी, व्याज शेतीचे उत्पन्न म्हणून दाखवा, शेतीस प्राप्तिकर नाही. नाहीतर ठेव बाईंच्या नावे करा." गुरुजींची दोन एकर कोरडवाहू जमीन आहे. ते रात्री आमच्याकडे आले व म्हणाले, "पाळकसाहेब, झोप येत नाही."

आम्ही कागद घेऊन बसलो. शासकीय सेवकाप्रमाणे त्यांचीही ग्रॅच्युइटी व पेन्शनच्या विकलेल्या भागाची रक्कम करमुक्त. पण दरमहाची पेन्शन पगाराप्रमाणेच करपात्र, आणि ठेवीचे व्याजही तसेच. बँक आपल्यापुरती मर्यादा पाहून कर कापते. दोन्ही बँकांनी कापला नाही म्हणून कर नाहीच, असे समजणे चूक. पत्नीच्या नावे ठेविलेल्या आपल्या पैशाचे व्याजही कायदा पतीच्याच उत्पन्नात धरतो. नोकरीत असता हा हिशेब शाळेचे कार्यालय करी. आता तो ज्याचा त्याने करावयाचा.

बेरीज झाली आणि गुरुजी गप्प झाले. 2025-26 च्या नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर द्यावा लागत नाही. 4 लाखांवर उत्पन्न असल्यास विवरणपत्र तेवढे भरावे लागते. गुरुजींस एक पैही देणे नव्हते. जे खोटे बोलण्याच्या भीतीने त्यांची झोप गेली, त्याची गरजच नव्हती!

पण देणे निघाले असते तर? आपला प्रभू मंदिराचा कर देण्यास बांधलेला नव्हता. तरी कोणास अडखळण होऊ नये म्हणून त्याने माशाच्या तोंडातील नाण्याने आपला व पेत्राचा कर भरविला. गावात ख्रिस्ती माणसाचा हिशेब लोक आपल्या प्रवचनापेक्षा अधिक बारकाईने वाचतात.

येथे आमच्या मनातील एक सल सांगतो. आमच्या कित्येक वृद्ध प्रचारकांस पेन्शनच नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनचा पगार आपण होऊन सोडला. तो त्यांचा विश्वास होता. परंतु दुसऱ्याच्या म्हातारपणी आपण हात आखडता घ्यावा, यास विश्वास म्हणता येणार नाही. प्रत्येक मंडळीने यासाठी निराळी पेटी ठेवावी.

गुरुजी आता शनिवारी विधवा भगिनींचे पेन्शनचे कागद वाचून देतात. कुटुंब निवृत्तिवेतनातून नव्या पद्धतीत एक तृतीयांश किंवा 25,000 रुपये, जे कमी ते, वजा होतात, हे त्यांनीच एकीस दाखविले. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावयाचा असतो. तेव्हा ते म्हाताऱ्यांस सोबत घेऊन बँकेत जातात. टोपी तीच आहे.